केलेले काम पुन्हा कशाला?

लॉगॅरिथमच्या कोष्टकांचे पुस्तक कधीच हाताळले नाही असा विज्ञानशिक्षक सापडणे कठीण. २ चा लॉग किती, असे विचारले की आपण कोष्टक उघडतो आणि ०.३०१० असे उत्तर देतो. ते उत्तर आपण काढलेले नसते. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने १६१४ मध्ये लॉगॅरिथमची पहिली कोष्टके प्रसिद्ध केली. हेन्री ब्रिग्जने १६२४ मध्ये दहा या पायाची कोष्टके चौदा दशांश स्थळांपर्यंत काढून छापली. या लोकांनी आकडेमोडीत वर्षे घालवली म्हणून पुढच्या पिढ्यांचे हिशेब मिनिटांत होऊ लागले. एकदा केलेले काम नीट लिहून ठेवावे आणि पुन्हा गरज पडली की तिथून उचलावे, ही कल्पना इतकी साधी आहे, की तिचा काही इतिहास असेल असे वाटतही नाही.

पण तिच्यात एक मेख आहे. कोष्टकात एखादा आकडा चुकीचा पडला तर? मग ते कोष्टक वापरणाऱ्या प्रत्येकाचे उत्तर चुकते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. १८२१ मध्ये चार्ल्स बॅबेज आणि जॉन हर्शेल हे दोघे मित्र खगोलशास्त्राची कोष्टके ताडून पाहत होते. त्यांना इतक्या चुका आढळल्या, की कोष्टके यंत्रानेच तयार करावीत या विचाराने बॅबेजला पछाडले. साठवलेल्या उत्तराने वेळ वाचतो हे खरे. पण ते उत्तर नेमके आपल्याच प्रश्नाचे आहे, याची खात्री कशी करायची?

संगणकाच्या जगात हा प्रश्न एका रोजच्या कामात उभा राहिला. ते काम म्हणजे प्रोग्रॅमचे भाषांतर. या प्रश्नाला गेल्या सत्तर वर्षांत कोणकोणती उत्तरे मिळाली, ते आता पाहू या.

पत्त्यांचे गठ्ठे

माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला थेट कळत नाही. त्याचे यंत्राच्या आकडी भाषेत रूपांतर करावे लागते. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘संकलन करणारा’ असा आहे, भाषांतर करणारा असा नाही. असे का?

१९५२ च्या सुमारास अमेरिकेत ग्रेस हॉपर युनिव्हॅक या संगणकावर काम करत होत्या. वर्गमूळ, साइन, कोसाइन असे हिशेब करणारे छोटे प्रोग्रॅम लोक एकमेकांच्या वह्यांतून हाताने उतरवून घेत. उतरवताना आकडे चुकत, बेरजा चुकत. हॉपर यांनी अशा तपासलेल्या तुकड्यांचा संग्रह चुंबकीय फितीवर ठेवला आणि हवे ते तुकडे शोधून जोडण्याचे काम संगणकावरच सोपवले. ए-० असे नाव असलेला हा प्रोग्रॅम तुकडे ‘संकलित’ करी, म्हणून तो कंपायलर. म्हणजे कंपायलरचा जन्मच मुळी केलेले काम पुन्हा करावे लागू नये, या इच्छेतून झाला.

१९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस आणि सहकाऱ्यांनी फोरट्रान भाषेचा कंपायलर दिला. शास्त्रज्ञांना आता जवळजवळ सूत्रे लिहावीत तसा प्रोग्रॅम लिहिता येऊ लागला. अडचण एकच होती. लांबलचक प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली तरी सगळ्याचे भाषांतर पुन्हा करावे लागे. १९५८ मध्ये फोरट्रानची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात प्रोग्रॅमचे उपविभाग पाडून प्रत्येकाचे भाषांतर वेगळे करता येऊ लागले. भाषांतराचे फळ छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्याच्या रूपात मिळे. जो उपविभाग बदललेला नाही त्याचा भाषांतरित गठ्ठा जपून ठेवायचा, बदललेल्याचा तेवढा नवा करायचा आणि सगळे गठ्ठे एकत्र करून यंत्रात घालायचे. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा प्रोग्रॅम पत्त्यांच्या गठ्ठ्यांतूनच आत जात.

इथे कोणता गठ्ठा ताजा आणि कोणता शिळा, हे ठरवण्याची जबाबदारी मात्र माणसाच्या स्मरणशक्तीवर होती.

एक वाया गेलेली सकाळ

स्मरणशक्ती किती फसवी असते याचा प्रत्यय १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आला. तिथे स्टीव्ह जॉन्सन हे नावाजलेले संगणकतज्ज्ञ होते. एके दिवशी ते चिडून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. एक चूक शोधण्यात त्यांची सगळी सकाळ गेली होती, आणि शेवटी कळले काय, तर चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. फक्त दुरुस्त केलेल्या फाइलचे नव्याने भाषांतर करायचे राहून गेले होते. संगणक जुनेच भाषांतर चालवत होता. आदल्या संध्याकाळी फेल्डमन यांचाही थोडा वेळ असाच वाया गेला होता. त्यांनी शनिवार-रविवारात यावर तोडगा काढला. त्याचे नाव ‘मेक’.

मेकची रीत सोपी आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे, याची यादी प्रोग्रॅम लिहिणारा एकदा करून देतो. प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली याची नोंद संगणकाकडे असतेच. मूळ फाइलची वेळ भाषांतराच्या वेळेनंतरची असेल तर भाषांतर शिळे. ते पुन्हा करायचे. नसेल तर आहे तेच वापरायचे.

किती फायदा होतो, ते पाहा. समजा, एका प्रोग्रॅमच्या ५०० फाइली आहेत आणि एकेका फाइलच्या भाषांतराला ६ सेकंद लागतात. सगळे भाषांतर करायला ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटे लागतील. एकच फाइल बदलली असेल तर मेक ६ सेकंदांत भाषांतर उरकते. शेवटी सगळे तुकडे जोडायला काय वेळ लागेल तो वेगळा. ५० मिनिटे थांबणारा माणूस चहाला जातो आणि परत येईपर्यंत विचाराचा धागा तुटलेला असतो. ६ सेकंद थांबणाऱ्याच्या डोक्यात तो धागा शाबूत राहतो. आमच्यासारख्या, प्रोग्रॅममध्ये छोटे बदल करून पुन्हा पुन्हा गणित करून पाहणाऱ्या संशोधकांना हा फरक चांगला ठाऊक आहे. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ सालचा एसीएम या संगणकशास्त्र संघटनेचा पुरस्कार मिळाला. मेक आजही वापरात आहे.

घड्याळ काय सांगते, काय सांगत नाही

मेकने माणसाच्या स्मरणशक्तीच्या जागी घड्याळ आणले. पण ‘वेळ बदलली’ आणि ‘मजकूर बदलला’ या दोन गोष्टी एक नव्हेत.

फाइल उघडून, काहीही न बदलता पुन्हा साठवली तर वेळ बदलते, मजकूर नाही. मेक नाहक काम करतो. उलट, भाषांतर करताना कंपायलरला दिलेल्या सूचना बदलल्या, म्हणजे ‘प्रोग्रॅम जास्त वेगाने चालेल असे भाषांतर कर’ असे सांगितले, तर कोणत्याच मूळ फाइलची वेळ बदलत नाही. मेकला काही कळत नाही आणि जुने भाषांतर तसेच राहते. एकाच फाइलसंग्रहावर दोन संगणक काम करत असतील आणि त्यांच्या घड्याळांत फरक असेल, तर ताजे-शिळे ठरवण्यात गोंधळ होतो.

सी भाषेत आणखी एक भानगड असते. अनेक फाइलींना लागणाऱ्या समाईक व्याख्या एका वेगळ्या फाइलीत ठेवतात. तिला हेडर म्हणतात. एखाद्या हेडरवर ५०० फाइली अवलंबून असतील आणि त्यात कोणी नुसती टीप सुधारली, तरी मेक पाचशेच्या पाचशे फाइलींचे भाषांतर पुन्हा करतो.

या सगळ्यामुळे लोकांना एक सवय लागली. जरा शंका आली की सगळी जुनी भाषांतरे पुसून टाकायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. सावधगिरी म्हणून हे योग्यच, पण ती ५० मिनिटे परत आली!

मजकुराचा ठसा

घड्याळावर विसंबायचे नाही, तर मजकूरच तपासला पाहिजे. पण आजवर भाषांतर केलेल्या हजारो मजकुरांशी नवा मजकूर अक्षर न् अक्षर कसा ताडणार?

इथे हॅश नावाची युक्ती उपयोगी पडते. माणसाच्या अंगठ्याच्या ठशावरून जसा माणूस ओळखतात, तसा मजकुराचाही ठसा काढता येतो. मजकूर दोन ओळींचा असो वा दोन लाख ओळींचा, ठशाची लांबी ठरलेली असते, उदाहरणार्थ १२८ बिट. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. अमेरिकेतील रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९० मध्ये एमडी४ ही असा ठसा काढण्याची वेगवान पद्धत दिली.

दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा योगायोगाने सारखा निघाला तर? वर्गात २३ मुले असली तर त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते, हे उदाहरण शिक्षकांच्या परिचयाचे आहे. त्यामुळे ही शंका रास्त आहे. पण वर्षाचे दिवस ३६५ असतात, तर १२८ बिटांचे ठसे ३४ वर ३७ शून्ये इतके. योगायोगाची दखल घ्यावी अशी वेळ यायला सुमारे १८ वर १८ शून्ये इतके मजकूर लागतील. दर सेकंदाला एक हजार फाइलींचा ठसा घेत गेलो, तरी त्याला सुमारे ५८ कोटी वर्षे लागतील.

सीकॅश

ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांना ठशांचा हा खेळ चांगला ठाऊक होता. दोन संगणकांवरच्या फाइली सारख्या आहेत का, हे पूर्ण फाइल न पाठवता ठरवणारा आरसिंक हा प्रोग्रॅम त्यांनी पॉल मॅकेरस यांच्याबरोबर १९९६ मध्ये दिला होता. त्याच पद्धतींवर त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध आहे. कंपायलरसाठी साठवण करणारा एक छोटा प्रोग्रॅम एरिक थीले यांनी आधी लिहिला होता. ती कल्पना घेऊन ट्रिजेल यांनी २००२ मध्ये सी भाषेत नव्याने, अधिक वेगवान प्रोग्रॅम लिहिला आणि सर्वांना मोफत, मूळ मजकुरासह उपलब्ध करून दिला. त्याचे नाव सीकॅश.

नावातला कॅश म्हणजे रोख रक्कम नव्हे. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये संगणकाच्या मुख्य स्मृतीच्या जोडीला एक लहान, चपळ स्मृती ठेवण्याची कल्पना मांडली. १९६८ मध्ये आयबीएमच्या एका संगणकाच्या वर्णनात अशा स्मृतीला कॅश म्हटले गेले आणि तो शब्द रुजला. त्याच वर्षी एडिंबरोच्या डोनल्ड मिची यांनी ‘नेचर’मध्ये एक लेख लिहिला. एखाद्या फलनाची काढलेली उत्तरे आठवणीत ठेवून पुन्हा वापरावीत, असे त्यांनी त्यात सुचवले होते. सीकॅशने हेच तत्त्व कंपायलरला लावले.

तो काम करतो ते असे. कंपायलरच्या नावाने तो दारातच उभा राहतो. भाषांतराचे काम आले की आधी मूळ फाइल आणि तिला लागणारे हेडर एकत्र करून घेतो. या पायरीत टिपा गळून पडतात. मग तीन गोष्टींचा मिळून ठसा काढतो: हा एकत्रित मजकूर, कंपायलरला दिलेल्या सूचना, आणि कंपायलर कोणता याची ओळख. हा ठसा साठ्यात असेल तर तयार भाषांतर उचलून देतो. पहिल्या वेळी कंपायलरने काही इशारे छापले असतील तर तेही जसेच्या तसे पुन्हा दाखवतो. ठसा नसेल तर खऱ्या कंपायलरला आत पाठवतो आणि आलेले उत्तर साठवून ठेवतो.

आता मेकला न सुटलेल्या अडचणी पुन्हा पाहा. वेळ बदलली पण मजकूर तोच? ठसा तोच. ओळी न वाढवता टीप सुधारली? ठसा तोच. सूचना बदलल्या? ठसा वेगळा, म्हणून नवे भाषांतर. सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात केली? मेक सगळी कामे पुन्हा सांगतो, पण सीकॅश बहुतेक उत्तरे साठ्यातून देतो. म्हणजे सीकॅशने मेकची जागा घेतली नाही. तो त्याच्या मागे उभा राहिला. २०१० पासून योएल रोसदाल या प्रोग्रॅमची देखभाल करू लागले. त्याच वर्षी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत, फाइली एकत्र करण्याची पायरीसुद्धा टाळून थेट फाइलींच्या ठशांवरून निर्णय घेण्याची सोय झाली.

हे फुकट मिळते असे मात्र नाही. पहिल्या वेळी ठसा काढण्याचे आणि साठवण्याचे काम वाढते, त्यामुळे उशीरच होतो. साठ्याला जागा लागते. ती भरली की बरेच दिवस न वापरलेली भाषांतरे टाकून द्यावी लागतात. शेवटची जोडणी सीकॅश साठवत नाही.

लपलेले घटक

आता बॅबेजच्या शंकेकडे वळू. साठवलेले उत्तर योग्य कधी? उत्तर ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्या सगळ्या ठशात आल्या असतील तरच. एखादा घटक नजरेआड राहिला तर चुकीचे उत्तर मिळेल, आणि तेही झटपट.

सी भाषेत ‘इथे आजची तारीख घाल’, ‘इथे आत्ताची वेळ घाल’ असे सांगता येते. वेळ घालणाऱ्या फाइलीचे भाषांतर दर सेकंदाला वेगळे होईल. तिथे साठा निरुपयोगी. सीकॅश अशा जागा ओळखतो. कंपायलरची ओळख हाही नाजूक भाग आहे. कंपायलरची नवी आवृत्ती बसवली तर जुनी भाषांतरे चालणार नाहीत. सीकॅश एरवी कंपायलरच्या फाइलीचा आकार आणि बदलाची वेळ पाहतो. म्हणजे समोरच्या दाराने घालवलेले घड्याळ मागच्या दाराने परत आले! ते नको असेल तर कंपायलरच्या फाइलीचाच ठसा घेण्याची सोय आहे.

साठा एकट्याचा न ठेवता अनेकांत वाटून घेतला तर आणखी एक प्रश्न येतो. १९९६ मध्ये हान्स डॉबर्टिन या जर्मन गणितज्ञाने एमडी४चा एकच ठसा असणारे दोन वेगळे मजकूर मुद्दाम कसे घडवता येतात, हे दाखवले. योगायोगाला ५८ कोटी वर्षे लागतात, लबाडीला तेवढी लागत नाहीत. स्वतःच्या संगणकावर स्वतःलाच कोण फसवणार? त्यामुळे २००२ मध्ये वेगवान एमडी४ चालून गेला. पुढे सीकॅशने तो सोडून ब्लेक३ ही नवी पद्धत घेतली. आज मोठ्या संस्थांत शेकडो लोक एकच साठा वापरतात. गूगलने २०१५ मध्ये खुला केलेला बेझल हा प्रोग्रॅम असा सामाईक साठा वापरू देतो. एकाने केलेले भाषांतर दुसऱ्याला मिळते. अर्थात एकाची चूकही दुसऱ्याला मिळू शकते. ब्रिग्जच्या कोष्टकांची जी ताकद होती आणि जी भीती होती, तीच इथेही आहे.

यावर सीकॅशचा नियम शिकण्यासारखा आहे. एखादी सूचना त्याला समजली नाही किंवा उत्तर तेच येईल याची खात्री नसली, तर तो अंदाज करत नाही. तो बाजूला होतो आणि खऱ्या कंपायलरला काम करू देतो. उशीर झाला तरी चालेल, चुकीचे उत्तर चालणार नाही.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणकाची गरज नाही. एका मुलाला गणित करायला बसवा, दुसऱ्याला लेखनिक करा. बाकीच्यांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून लेखनिकाकडे द्यावेत: १७ गुणिले २३, ४८ गुणिले १२, असे. लेखनिकाने आधी आपली वही पाहायची. उत्तर असेल तर लगेच द्यायचे, नसेल तर गणित करणाऱ्याकडून आणून वहीत नोंदवून मग द्यायचे. काही प्रश्न पुन्हा पुन्हा आले की वहीचा वेग सर्वांच्या लक्षात येईल. ‘२३ गुणिले १७’ अशी चिठ्ठी आली की खरी चर्चा सुरू होईल. हा प्रश्न जुनाच की नवा? सीकॅश त्याला नवा म्हणेल, कारण अक्षरे वेगळी आहेत. गुणाकाराचा नियम जाणणारा लेखनिक जुना म्हणेल.

मग एक चिठ्ठी अशी द्या: ‘आजपासून ३० दिवसांनी कोणता वार येईल?’ वहीत उत्तर नोंदवू द्या. दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी, त्याच अक्षरांत, पुन्हा द्या. लेखनिक वहीतले उत्तर वाचेल आणि ते चुकेल. प्रश्नाचे एकही अक्षर बदललेले नाही, तरी उत्तर का बदलले? ‘आज’ या शब्दात दडलेली तारीख मुले स्वतः शोधून काढतील, आणि वहीत नोंद करताना प्रश्नाबरोबर आणखी काय लिहायला हवे होते, हेही तीच सांगतील.